कुंड्या, कमिटी आणि अर्धा तास

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली. जिन्यातल्या, पॅसेजमधल्या आणि खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या आठ दिवसांत हटवा, नाहीतर दर कुंडीमागे शंभर रुपये मेंटेनन्सच्या बिलात लागतील. खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का. नवव्या दिवशी वॉचमनने दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तुळस, कोरफड आणि गवती चहा उचलून पंपाच्या खोलीमागे नेऊन ठेवला. त्याच मजल्यावरची चपलांची कपाटं मात्र हलली नाहीत. त्यातलं एक अध्यक्षांचं आहे.

आधी कमिटीची बाजू सांगतो, कारण ती खोटी नाही. आग लागली तर जिना ही पळायची वाट असते. चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलमधून सुटलेली कुंडी खालून जाणाऱ्याचा जीव घेऊ शकते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची वाढ होते आणि त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. काकूंची तुळस जिन्याच्या वळणावर होती. ती हलायलाच हवी होती.

पण हा नियम केला कोणी, आणि दंड लावायचा अधिकार कमिटीला दिला कोणी? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे उपविधीत बदल करायचा तर तो सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावा लागतो आणि निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय लागू होत नाही. दंडाचीही रीत आदर्श उपविधींत आहे. आधी पत्र, मग कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचं म्हणणं ऐकून सर्वसाधारण सभेचा निर्णय. कमिटीने बिलात परस्पर रक्कम चढवणं यात कुठेच बसत नाही. आग चपलांच्या कपाटाला वळसा घालून जाते, असंही कुठे लिहिलेलं नाही.

मी हे सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी शांतपणे इतिवृत्ताची वही पुढे केली. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत ठराव झालेला होता: सामाईक जागा मोकळी ठेवण्यासाठी योग्य ती कार्यवाही करण्याचे अधिकार समितीस देण्यात येत आहेत. सूचक एक, अनुमोदक एक, सर्वानुमते मंजूर.

हे ‘सर्व’ किती होते? अकरा. आमचे फ्लॅट चौसष्ट. सभेच्या गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. म्हणजे चौसष्टांतून फक्त वीस जण खाली उतरले असते तरी पुरलं असतं. उतरले नाहीत. मग सभा तहकूब झाली, अर्धा तास चहा झाला, आणि त्याच खुर्च्यांवर तीच अकरा माणसं पुन्हा बसली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे सगळं नियमात बसतं. त्या अर्ध्या तासात मी तिसऱ्या मजल्यावर मॅच बघत होतो.

कुंड्या उचलल्या त्या रात्री मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूमशाही, मनमानी, कोर्टात खेचू, सगळं झालं. लिहिणाऱ्यांत त्या अकरांपैकी एकही नव्हता. कमिटी दादागिरी करते हे खरंच आहे, पण ती दादागिरी आपण दरवर्षी सप्टेंबरात कोऱ्या कागदावर सही करून देतो. कमिटीत बिनपगारी, शिव्या खात राबणारी पाच-सात माणसं असतात. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून तीही कोणाला विचारायचं सोडून देतात.

आणि काकू? तीस वर्षं त्या इथे राहतात. फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, मुलगा बंगळूरला. भागपत्रावर नाव नाही, म्हणून सभेची सूचना त्यांच्या नावे कधी आलीच नाही. भाडेकरूंचं तेच. बिल्डिंगमध्ये चोवीस तास राहणाऱ्यांना मत नाही आणि मत असलेल्यांना वेळ नाही.

गावदेवीला १९१५ साली सारस्वत सोसायटी उभी राहिली, तेव्हा सभासदच मालक हे तत्त्व होतं. आपण मालक झालो आणि चाळीतल्या भाडेकरूसारखे मालकाच्या नावाने खडे फोडत बसलो.

माझी मागणी साधी आहे. कुंड्यांचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. पॅसेज मोकळा करायचा तर चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या, सगळं एकाच दिवशी हलवा. ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओतायचा नियम करा आणि गच्चीचा एक कोपरा झाडांना द्या. त्या दिवशी काकूंना बोलवा. मत नसेल त्यांना, तोंड आहे.

तुळस अजून पंपाच्या खोलीमागेच आहे. काकू रोज दोन जिने उतरून तिला पाणी घालतात. आपल्याला सप्टेंबरात एकदाच उतरायचं आहे, तेही पहिल्या अर्ध्या तासात.