कुत्र्याची खरूज आणि गॅरेजचं काळं ऑइल

परवा कर्जत स्टेशनबाहेर एक कुत्रं दिसलं. केस गळालेले, कातडी जाड झालेली, सारखं खाजवतंय. पाठीवर काळं ऑइल थापलेलं. लावणारा तिथेच होता. म्हणाला, "खरूज जाते साहेब. आमचे आजोबा पण हेच लावायचे."

माणूस वाईट नाही. दया आली म्हणूनच लावलं त्याने. पण गाडीचं जळालेलं ऑइल औषध नाही, विष आहे. कुत्रं अंग चाटतं, ऑइल पोटात जातं. आधीच सोललेली कातडी भाजते ती वेगळीच. फिनेल, डिझेल, कापूर, सगळ्यांचं तेच.

आणि खाज म्हणजे खरूजच असंही नाही. गोचीड, पिसवा, बुरशी, ॲलर्जी, काहीही असू शकतं. आपल्याकडच्या पावसात ओल्या अंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो, त्यावर वरून ऑइल थापून उपयोग नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वजन बघून देतात, काही दिवसांनी पुन्हा देतात. फ्लुरालॅनरची गोळी खाण्यातून देता येते, म्हणजे हाताला न लागणाऱ्या कुत्र्यावरही इलाज आहे. मात्र डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. कोली जातीच्या कुत्र्याच्या तर आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं.

आता मुद्द्याचं. ही खरूज एका कुत्र्याची दुसऱ्याला लागते. माणसालाही काही दिवस खाज सुटते. आळीतल्या एकालाच बरं केलं आणि बाकीची तशीच राहिली, तर ते पुन्हा खाजवायला लागणार. हे एकट्या प्राणिप्रेमीच्या खिशाला झेपणारं काम नाही.

२०२३च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने जंतनाशकही सांगितलं. मग कुत्रं पकडलेलंच असताना त्याची कातडीही बघा की! कर्जत आणि खोपोली नगरपरिषद, खालापूर नगरपंचायत, तिघांनाही माझी एवढीच मागणी आहे: नसबंदीच्या कामातच खरजेचा उपचार धरा. वेगळी गाडी नको, वेगळा पिंजरा नको.

आणि आपण? खरजेलं कुत्रं दिसलं की त्याला पिसाळलेलं समजून दगड मारू नका. ते आजारी आहे, आणि त्याचा आजार बरा होतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ऑइलचा डबा गॅरेजमध्येच राहू द्या.