रक्ताची साक्ष आणि अनेकान्त दृष्टी

लहान मुलाला ताप येणे ही घरोघरची गोष्ट आहे. परंतु पाच दिवस उलटूनही ताप हटत नसेल, डोळे चिपडांवाचून लाल झाले असतील, ओठ फुटले असतील, जीभ लालभडक दिसत असेल, अंगावर पुरळ व हातापायांवर सूज असेल, तर स्वस्थ बसणे धोक्याचे ठरते. जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी असा पहिला रुग्ण १९६१ साली पाहिला व १९६७ साली ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्यांचा दाह करणारा हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

उपचाराअभावी सुमारे चारांपैकी एका मुलाच्या हृदयाच्या धमनीला फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवर येते. हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते; रक्तदानाचे पुण्य असेही फळते. मात्र काही मुलांचा ताप पहिल्या मात्रेने उतरत नाही आणि त्यांच्याच हृदयाला धोका अधिक असतो. अशी मुले आधीच ओळखावीत कशी?

जपानमध्ये २००६ साली कोबायाशी गुणतालिका मांडली गेली. सोडियम १३३ वा त्याहून कमी, सीआरपी १० मिलिग्रॅम वा अधिक, न्यूट्रोफिल ८० टक्के वा अधिक, यकृताचे एएसटी १०० वा अधिक, प्लेटलेट तीन लाख वा कमी, यांबरोबरच मुलाचे वय व आजाराचा दिवस यांनाही तीत गुण आहेत. अधिक गुणांच्या जपानी मुलांना आरंभीच स्टिरॉइडची जोड दिल्यावर हृदयाची हानी कमी झाली. पण हीच तालिका अमेरिकेतील मुलांच्या बाबतीत तितकी खरी उतरली नाही.

शिवाय एकच आकडा दिवसागणिक वेगळे बोलतो. प्लेटलेट पहिल्या आठवड्यात साधारण असतात व दुसऱ्या आठवड्यात झपाट्याने वाढतात. म्हणून एका अहवालावर निश्चिंत होणे हा एकान्त आग्रहच होय. रक्त, लक्षणे, दिवस आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच इको, या सर्वांची साक्ष एकत्र घेणे, हीच येथे अनेकान्त दृष्टी.

निर्णय डॉक्टरांचा, पालकांनी तापाचा पहिला दिवस लिहून ठेवावा, अहवाल तारीखवार जपावेत आणि पाचव्या दिवसानंतर "इको करावा का?" हा प्रश्न निःसंकोच विचारावा.