आधी विज्ञान समजू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



माझी मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात शिकते. घरात मराठी, गावात मराठी. गणित आणि विज्ञान मात्र इंग्रजीतून. तिच्यासारख्या असंख्य मुलांच्या वतीने आपल्याला काही विचारायचे आहे.

घटक चाचणीत तिला प्रश्न आला : माठातले पाणी गार का होते, शास्त्रीय कारण द्या. प्रश्न इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीतच हवे. तिने जागा कोरी सोडली. शून्य गुण. घरी विचारले तर तिने घडाघडा सांगितले : माठाला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून जाते. मग हे शून्य विज्ञानाच्या रकान्यात का?

वर्गात काय चालते, हे आपण जाणता. शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर उत्तर लिहून देतात. मुले ते उतरवून पाठ करतात. प्रश्न जरा फिरवून आला की पाठांतर कामी येत नाही. याचा दोष कृपया शिक्षकांवर ढकलू नये. त्यांच्यातले अनेक जण स्वतः मराठीतून शिकले आहेत. धड्याआधी नव्या संज्ञांची ओळख कशी करून द्यावी, प्रयोग करताना मुलांना आधी मराठीत बोलते कसे करावे, मग त्याच विचाराचे इंग्रजी वाक्य कसे घडवून घ्यावे, हे त्यांना शिकवायची जबाबदारी कोणाची होती?

शिक्षण हक्क कायदा, २००९ म्हणतो, शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने गणित-विज्ञानाची दर्जेदार द्विभाषिक पुस्तके देण्याचा शब्द दिला. मुलांना या विषयांचा विचार दोन्ही भाषांत करता यावा म्हणून. माझ्या मुलीच्या दप्तरात ते पुस्तक अजून आलेले नाही. पट टिकवण्यासाठी शाळांवर सेमी-इंग्रजीचे फलक मात्र झटपट लागले. पुस्तकांचे घोडे कुठे अडले?

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला जी मुभा आहे, ती आठवीतल्या मुलीला माठाचे कारण लिहिताना का नसावी?

इंग्रजीला आमचा विरोध नाही. मुलीने ती उत्तम शिकावी, म्हणूनच हा वर्ग निवडला. मागणे एवढेच : सहावी ते दहावीची द्विभाषिक विज्ञान पुस्तके द्यावीत, शिक्षकांना खरेखुरे प्रशिक्षण द्यावे आणि शास्त्रीय कारणे मराठीत लिहिली तरी पूर्ण गुण द्यावेत.

येत्या जूनमध्ये ती नववीत जाईल. त्याआधी यांतले काय होणार आणि केव्हा, हे आपण तारखेसह जाहीर करावे.

आपली,
एक पालक