मे महिन्यात मालवणला स्कुबा करणाऱ्यांनो, पाय वर घ्या!

परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या मालवणकडे वळतात. मासे खायचे, सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आणि ‘स्कुबा मारायचं’, हा आता ठरलेला बेत. पोहता न येणारेही गाइडच्या भरवशावर काही मीटर खाली जाऊन येतात. जरूर जा. पण नेमक्या याच दिवसांत खालचं प्रवाळ सर्वांत नाजूक अवस्थेत असतं, हे होडीत पाय ठेवण्याआधी माहीत असू द्या.

पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, इथला समुद्र चांगलाच तापलेला असतो. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्नही पुरवतं आणि रंगही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. मालवणच्या खडकांवर अभ्यासकांनी हे नोंदवलं आहे. जगभरात तर अशी चौथी मोठी लाट आल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. म्हणजे पाऊस येईपर्यंत त्याला कशीबशी तग धरायची आहे, आणि आपण मात्र त्याच वेळी त्याच्यावर उभे राहतो.

खरोखरच उभे राहतो. गाइडने मागून सिलिंडर धरलेला असतो, समोर कॅमेरा असतो. नवखा माणूस बावरतो, पाय टेकायला जागा शोधतो आणि जे टणक लागतं त्यावर भार टाकतो. तो पुष्कळदा दगड नसतो. पोराइट्स जातीचे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. टोपलीएवढा गोळा तुमच्या शाळकरी मुलापेक्षा वयाने मोठा असू शकतो. तेव्हा गुडघे वाकवा, पाय वर घ्या, हात छातीशी ठेवा. (आणि फोटोसाठी अंगठा दाखवू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.)

दुसरी गोष्ट पावाची. भोवती पट्टेरी माशांचा घोळका हवा म्हणून खाली पाव कुस्करला जातो. खडकांवरचं शेवाळ खाणारे मासे तिथे असतात म्हणून प्रवाळाला जागा मिळते. त्यांना पावाची चटक लावून आपण काय साधतो? गाइडला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक व्हिडिओ बघूनच पैसे मोजतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पैसे देण्याआधी किनाऱ्यावरच सांगा: “दादा, पाव नको. मासे आले नाहीत तरी चालेल.” आणि विचारा, होडीचा नांगर कुठे टाकता? वाळूत किंवा बांधलेल्या बोयाला होडी लावणारा तांडेल निवडा, चार पैसे जास्त पडले तरी. खडकावर ओढला जाणारा नांगर एका फेरीत जे मोडतो, ते शंभर पर्यटकांच्या पायांनीही मोडणार नाही.

सनस्क्रीन फासून पाण्यात उतरू नका, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घाला. सर्दी झाली असेल, कान दुखत असेल किंवा दमा असेल, तर लपवू नका आणि उतरूही नका. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नका. परतीचं विमान असेल तर किमान १८ तासांचं अंतर ठेवा.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि खडक बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तुकडा तोडणं, विकत घेणं, आठवण म्हणून बॅगेत टाकणं हा गुन्हा आहे. कोणी विकताना दिसलं तर वाद घालत बसू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तिथूनच फोन करा.