माकडतापाचा भुर्दंड कोणी सोसायचा?

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने फणफणली. गोचिडीमार्फत पसरणारा हा विषाणू २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळला. तिलारी घाट चढला की कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका लागतो. माकडे आणि गोचिडी जिल्ह्यांच्या सीमा मानीत नाहीत, हे कोल्हापूरकरांनी ध्यानात घेतलेले बरे.

हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. माकडतापाचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते मे असा असतो. भाजावळीसाठी पातेरा आणि चुलीसाठी सरपण गोळा करण्याचे, बागेत काजू वेचण्याचे दिवसही हेच. म्हणजे ज्या महिन्यांत हातात चार पैसे पडायचे, त्याच महिन्यांत मजूर अंथरूण धरतो. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. उरलेल्यांपैकी अनेकांना पूर्ववत ताकद येण्यास कित्येक आठवडे लागतात. रोजंदारीवरील माणसाला आजारपणाची रजा नसते. त्याची भरपाई सावकाराच्या कर्जाने होते. 'जंगलात जाऊ नका' हा सल्ला देणाऱ्याला फुकट असतो, पाळणाऱ्याला मात्र परवडत नाही.

या रोगावर नेमके औषध नाही. जुनी लस वारंवार टोचावी लागे, तरीही संरक्षण अपुरे राही. अखेर कर्नाटकात तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम सुरू असले, तरी रोगाची ओळख पटून सहा दशके लोटली आहेत. लॅटिन अमेरिकेतील चागास रोगाची कथा वेगळी नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या ढेकणासारख्या किड्यामुळे होणारा हा रोग १९०९ साली ब्राझीलमध्ये ओळखला गेला. त्यावरील दोन्ही प्रमुख औषधे आजही अर्धशतकापूर्वीचीच आहेत. रोगी गरीब असला की बाजारपेठ त्याच्याकडे पाठ फिरवते. जिथे बाजार उणा पडतो, तिथे शासनाने उभे राहावे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे.

तेव्हा चंदगड-आजऱ्यात पहिला रुग्ण सापडण्याची वाट पाहू नये. मेलेल्या माकडाची वर्दी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोहोचावी, गोचीड-प्रतिबंधक तेल हंगामाआधी मजुरांच्या हाती पडावे, रक्ततपासणीचा निकाल लवकर मिळावा आणि आजारपणातील बुडालेल्या मजुरीचा काही भार सरकारने उचलावा. काजूचा नफा अनेकांत वाटला जातो. त्यामागची जोखीम मात्र एकट्या वेचणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.