शिष्याची पहिली नृत्यरचना

बॅले शिकणाऱ्या मुलाचा दिवस भिंतीलगतच्या आडव्या दांड्यापाशी सुरू होतो. पायांच्या पाच मूलभूत स्थिती, गुडघे वाकवणे, टाचा उचलणे हे सारे तो वर्षानुवर्षे घोटत असतो. गुरूने दाखवावे आणि शिष्याने तसेच करावे, हा या शिक्षणाचा पाया होय. मात्र हेच पदन्यास आपण वेगळ्या क्रमाने गुंफले तर, असा विचार एखाद्या दिवशी शिष्याच्या मनात येतो. 'आधी नीट शिक, मग पाहू,' असे उत्तर त्याला बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे.

जॉर्ज बॅलंशिन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांचा जन्म १९०४ साली सेंट पीटर्सबर्ग येथे, एका संगीतकाराच्या घरी झाला. तेथील प्रसिद्ध नाट्यविद्यालयात ते नृत्य शिकले. १९१७ च्या क्रांतीनंतर शहरात अन्नाची व इंधनाची टंचाई होती. अशा दिवसांत, १९२० साली, शिकत असतानाच त्यांनी आंतोन रुबिन्श्टाइन यांच्या संगीतावर एक युगुलनृत्य रचले. पुढे समवयस्क नर्तकांना घेऊन त्यांनी नव्या रचनांचे प्रयोग सुरू केले. ज्येष्ठांना हे रुचले नाही. प्रयोगांत भाग घेणाऱ्यांना नोकरी गमावण्याची भीती घालण्यात आली. १९२४ साली बॅलंशिन यांनी देश सोडला. त्यामागे इतरही कारणे होती. पण ज्या रंगभूमीने त्यांना घडवले, तिच्यासाठी त्यांच्या प्रतिभेचा ऐन बहर परका झाला. १९६२ साली ते मायदेशी गेले, ते न्यूयॉर्कच्या बॅले संस्थेसह, पाहुणे म्हणून.

ज्येष्ठांची भूमिका सर्वस्वी चुकीची होती, असे मात्र म्हणता येणार नाही. नर्तकाचे शरीर कोवळ्या वयातच घडवावे लागते. ती वर्षे निसटली की परत येत नाहीत. कच्च्या तयारीवर केलेली रचना पुष्कळदा पाहिलेल्या हालचालींची उसनवारी ठरते. परंतु रचना करू पाहणारा शिष्य शिस्तीपासून दूर जातो, हा समज खरा नाही. दुसऱ्यासाठी चार पावले बसवताना त्याला संगीत नव्याने ऐकावे लागते, रंगमंचावरील मोकळ्या जागेचा विचार करावा लागतो, समोरच्याच्या शरीराची क्षमता ओळखावी लागते. आजवर केवळ आरशात स्वतःला पाहणारा तो प्रथमच दुसऱ्याकडे पाहू लागतो.

बॅलंशिन यांनी पुढे स्वतः शिक्षक म्हणून काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. १९३४ साली न्यूयॉर्क येथे त्यांच्या नृत्यशाळेचे वर्ग सुरू झाले. वर्गातील कवायत आणि रंगमंचावरील नृत्य यांतील फरक विद्यार्थ्यांना कळावा, म्हणून त्यांनी चायकोव्हस्की यांच्या संगीतावर 'सेरेनेड' हे नृत्य बसवले. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या, तर सतरा जणींची आकृती केली. एक उशिरा आली, एक पडली. त्या घटनाही त्यांनी नृत्यात सामावून घेतल्या. नवशिक्यांच्या उणिवांतूनही रचना उभी राहू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

प्रत्येक विद्यार्थी बॅलंशिन होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. तरीही प्रत्येक नृत्यशाळेने वर्षातून एखादी संध्याकाळ शिष्यांच्या छोट्या रचनांसाठी राखून ठेवावी. गुरूंनी त्या पाहाव्यात, चुका परखडपणे सांगाव्यात आणि पुढच्या वर्षी पुन्हा संधी द्यावी. त्या संध्याकाळी काही रचना फसतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शिष्य दांड्यापाशी उभा राहील, तेव्हा रोजच्या पदन्यासाकडे तो अधिक डोळसपणे पाहील.