जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सर्व्हिसिंगचा खर्च विचारतो, म्युझिक सिस्टिम तर शोरूममध्येच वाजवून बघतो. डिकीतला जॅक काढून बघणारा ग्राहक मला अजून भेटायचाय. जॅकचं दर्शन थेट पंक्चर झाल्यावर, आणि तेही भर पावसात!

गाडीबरोबर येतो तो बहुतेक कात्रीसारखा, स्क्रूवर चालणारा जॅक. पण हल्ली बरेच मित्र २ टनी हायड्रॉलिक जॅक घरी आणून ठेवतात आणि रविवारी पार्किंगमध्ये स्वतःच ब्रेक पॅड नाहीतर ऑइल बदलायला बसतात. हौस चांगलीच आहे. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: जॅकवर गाडी उचलायची आणि तशीच खाली डोकं घालायचं.

हायड्रॉलिक जॅकचं गणित बारावीच्या फिजिक्सचंच. दांड्यामुळे जोर १० पट झाला आणि मोठ्या पिस्टनचं क्षेत्रफळ छोट्याच्या १६ पट असलं, तर घर्षण सोडून १० किलोचा जोर १६०० किलो उचलतो. कमाल आहे ना? पण याची दुसरी बाजू बघा. वर गेलेली गाडी तिथे राहते ती बंदिस्त तेलाच्या दाबावर. तो दाब अडवतात एक रबरी सील आणि एक-दोन छोटे व्हॉल्व्ह. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला की गाडी हळूहळू बसते. कधीकधी हळूहळूही नाही. आपण सर्व्हरला बॅकअप ठेवतो, आणि स्वतःच्या छातीवर १ टन लोखंड एका रबरी रिंगच्या भरवशावर? काय राव!

म्हणून जॅकने गाडी उचलायची आणि लगेच जॅक स्टँडवर टेकवायची. स्टँडही जोडीने, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या भक्कम जागीच. वजन स्टँडवर आलं की गाडी हलवून बघायची, आणि मगच खाली शिरायचं. विटांची चवड हा पर्याय नाही, वीट सांगून फुटत नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, जमिनीवरच्या चाकांना लाकडी अडण्या लावलेल्या. नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करून घ्यायचे. बाटली जॅकखाली जाड फळी चालते. चाकांचा ट्रॉली जॅक मात्र गाडी उचलताना थोडा सरकतो, त्याला सरकू द्यावं लागतं. पेव्हर ब्लॉकच्या खाचेत तो अडकला की गाडी तिरकी ओढली जाते.

देखभाल फार नाही. जॅक पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे चकचकीत दांड्याला गंज लागत नाही. तेल बघायचं तेही पूर्ण खाली असताना. तेल जॅकचंच घाला. घरात पडलेलं ब्रेक ऑइल ओतलं की सील फुगून खराब होतं. पंपिंग स्पंजासारखं लागलं तर हवा शिरलीय: रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून काही वेळा पंप मारा. आणि वर्षातून एकदा गाडी उचलून १० मिनिटं तशीच ठेवा, खाली कोणीही नसताना. गाडी बसली, तर जॅक दुरुस्तीला.

हे 'वर्षातून एकदा' मात्र कोणी करत नाही. इथे मला नगर जिल्ह्यातलं (आताचा अहिल्यानगर) हिवरे बाजार आठवतं. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बांध, झाडं, श्रमदान याबद्दल सगळे बोलतात. मला भावतो तो तिथला पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, गावात पाणी किती ते काढायचं, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला ठेवायचं, आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. गंमत म्हणजे पाऊस चांगला झाला म्हणून मोजणी टळत नाही. विहीर कोरडी पडल्यावर शोध घेणारी गावं पुष्कळ आहेत. आपलं जॅकचंही तसंच, तो लागेल तेव्हा बघू!

आता माझा प्रस्ताव. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून आपण दोन तास भांडतोच, त्यात पाच मिनिटं याला द्या. सामाईक खर्चातून एक चांगला ट्रॉली जॅक, स्टँडची एक जोडी, चार लाकडी अडण्या. वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही: कोणी नेलं, कधी परत आणलं. घरटी येणारा खर्च एका पिझ्झापेक्षा कमीच असेल. तपासणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, सगळ्यांसमोर, भरलेल्या गाडीखाली तो जॅक १० मिनिटं ठेवून. आमच्या सभेत मी हा विषय या वर्षी मांडणार आहे. 'याची काय गरज' म्हणणारे काका कोण असतील, तेही मला आत्ताच माहीत आहे :)